टॉक्सिक ऑफिस सोडलं, पण रेफरन्स कुणाचा द्यायचा?

राजीनामा देऊन बाहेर पडलं की सुटल्यासारखं वाटतं. मग दुसरीकडे मुलाखतीच्या दोन फेऱ्या होतात आणि एचआरचा मेल येतो : 'आधीच्या कंपनीतले दोन रेफरन्स पाठवा, शक्यतो थेट वरिष्ठांचे.' म्हणजे तुमच्या कामाबद्दल सांगतील अशा दोन माणसांची नावं आणि नंबर. ज्या साहेबामुळे नोकरी सोडली, पुढची नोकरीही त्याच्याच हातात आहे की काय, असं वाटायला लागतं. खरं तर त्याच्या हातात वाटतं त्याहून बरंच कमी असतं. मात्र ते कमीच राहावं यासाठी थोडी तयारी आधी करावी लागते, आणि त्यातला मोठा भाग राजीनाम्याच्या आसपासच उरकायचा असतो.

एका नावाखाली तीन चौकशा

'रेफरन्स चेक' म्हणून जे चालतं, त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या सुट्या केल्या की निम्मी भीती जाते.

पहिली व्हेरिफिकेशन. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, कधीकधी शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, आणि 'यांना पुन्हा नोकरीवर घ्याल का?' या रकान्यात हो किंवा नाही. ही माहिती एचआर किंवा पेरोल (पगारपत्रक) विभाग रेकॉर्ड बघून देतो, आणि विचारणारी बहुधा बाहेरची एजन्सी असते. कित्येक मोठ्या कंपन्यांत नियमच असतो की रेफरन्सचा फोन आला तर मॅनेजरने तो एचआरकडे वळवायचा आणि एचआरने तारखा नि हुद्दा यापलीकडे बोलायचं नाही. जास्त बोललं तर बदनामीचा दावा अंगावर येऊ शकतो, म्हणून हा नियम. तो कंपनी स्वतःसाठी करते, पण त्याची ढाल तुम्हालाही मिळते.

दुसरी चौकशी म्हणजे प्रत्यक्ष रेफरन्स कॉल. दहा-पंधरा मिनिटांचा फोन : किती काळ आणि कोणत्या नात्याने एकत्र काम केलं, कशात हातखंडा आहे, काम अंगावर आलं की कसे वागतात, कुठे सुधारणा हवी, आणि शेवटी 'पुन्हा यांच्यासोबत काम कराल का?' या शेवटच्या प्रश्नाला वजन सगळ्यांत जास्त. उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता जास्त ऐकली जाते. या कॉलसाठी माणसं तुम्ही देता, हे विसरू नका.

तिसरी मागच्या दाराची. नव्या कंपनीतला कुणीतरी लिंक्डइनवर सामाईक ओळख शोधतो आणि 'अरे, हे कसे होते रे तुमच्याकडे?' असा मेसेज टाकतो. ही चौकशी थांबवता येत नाही. त्या वर्तुळात तुमच्याबद्दल बरं बोलणारी आणखी दोन-चार माणसं असणं, एवढाच त्यावर उतारा.

म्हणून धोरण असं ठेवायचं : तारखा, हुद्दा, पगार या गोष्टी कागद आणि एचआर सिद्ध करतील, आणि कामाबद्दलचं मत तुम्ही निवडलेली माणसं देतील. त्रास देणारा साहेब या दोन्ही वाटांवर येतो तो बहुतेक वेळा आपणच घाईत त्याचा नंबर लिहून देतो म्हणून.

निघण्याआधीचे कागद

ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी दुपारीच बंद झालेला असू शकतो. नेमणूकपत्र, बढती आणि पगारवाढीची पत्रं, किमान शेवटच्या सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप, वार्षिक मूल्यमापनाच्या तुम्हाला दिलेल्या प्रती, राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा मेल, रिलिव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचं पत्र), अनुभवपत्र आणि शेवटच्या हिशेबाचा कागद, हे सगळं स्वतःच्या ताब्यात हवं. ग्राहकांची यादी, कोड, अंतर्गत अहवाल यांना मात्र हात लावू नका. स्वतःच्या मेलवर पाठवलेली अशी एक फाइल पुरते, आणि 'नियमभंग करून गेले' हे वाक्य रेकॉर्डवर चढतं. कौतुकाचा मेल गोपनीय कामाबद्दल असेल तर तो फॉरवर्ड न करता तारीख, पाठवणारा आणि आशय स्वतःच्या वहीत टिपून ठेवा.

दोन गोष्टी आवर्जून तपासा, कारण चांगल्या उमेदवाराचीही गाडी इथे अडते.

एक म्हणजे पेरोलवरचा हुद्दा. ईमेलच्या सहीत 'टीम लीड' आणि पेरोलवर 'सीनियर असोसिएट', असं अनेक ठिकाणी असतं. सीव्हीवर पहिलं लिहिलं की एजन्सी 'तफावत' असा शेरा मारते, आणि तो शेरा वाचणाऱ्याला खोटेपणाचा वास येतो. सीव्हीवर पेरोलचा हुद्दा लिहा आणि त्याच्या शेजारी 'सहा जणांच्या टीमची जबाबदारी' असं काम लिहा. तारखांचंही तसंच. राजीनामा दिल्याची तारीख आणि कामाचा शेवटचा दिवस या दोन वेगळ्या तारखा आहेत. रिलिव्हिंग लेटरवरची तारीखच सगळीकडे वापरा.

दुसरी गोष्ट 'पुन्हा घेण्यास पात्र' हा शेरा. तुमच्या कामाशी त्याचा काही संबंध नसतानाही तो 'नाही' पडू शकतो. नोटीस पिरियड पुरा केला नाही, लॅपटॉप वेळेत परत केला नाही, एखादी सही राहिली, एवढ्यावर काही ठिकाणी सिस्टिम आपोआप 'नाही' टाकते. त्यामुळे कितीही जीव गुदमरत असला तरी नोटीस पुरी करा, किंवा ती माफ केल्याचं ईमेलवर घ्या. तब्येतीला किंवा सुरक्षिततेलाच धोका असेल तर अर्थातच थांबू नका. पण डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि एक लेखी निरोप मागे ठेवून जा. निघताना एचआरला मेल करून विचारा : 'माझ्या रेकॉर्डवर सोडण्याचं कारण आणि पुनर्नियुक्तीबाबत काय नोंद आहे, ते कळवाल का?' बहुतेक जण हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि तीन महिन्यांनी कुणीतरी तिसराच माणूस ते उत्तर वाचतो.

राजीनामा कोरडा हवा. 'मी … या पदाचा राजीनामा देत आहे. करारानुसार माझा शेवटचा दिवस … असेल. तोवर कामाचं हस्तांतर पूर्ण करीन.' बास. चार पानी कैफियत लिहून मन हलकं होतं, पण ती फाइल तुमच्या मागे वर्षानुवर्षं राहते. एक्झिट इंटरव्ह्यूलाही, म्हणजे निघताना एचआरकडून होणाऱ्या मुलाखतीलाही, हेच लागू. तिथे बोललेलं गुपित राहील असं धरून चालू नका. कामाची विभागणी, प्रशिक्षण, वेळापत्रक एवढ्यावर थांबा. छळ, भेदभाव, पगार अडवणं अशी गंभीर तक्रार असेल तर तिची जागा एक्झिट इंटरव्ह्यू नाही. ती ठरलेल्या मार्गाने, लेखी, तारखांसह द्यायची असते.

तडजोड करून, काही रक्कम घेऊन निघत असाल तर रेफरन्सचा मजकूर करारातच घाला : नेमकी वाक्यं, उत्तर कोण देणार, कोणत्या ईमेलवरून देणार, आणि तोंडी विचारलं तरी तेवढंच सांगणार. सही झाल्यावर हे मागायला गेलात तर हातात काहीच उरलेलं नसतं.

माणसं कोण

पाच जणांची यादी करा, वापरायचे दोन-तीन. साहेब वगळला की कुणीच उरत नाही असं सुरुवातीला वाटतं, म्हणून नीट शोधावं लागतं. आधी तुमच्या साहेबाचा साहेब, पण त्याने तुमचं काम स्वतः पाहिलं असेल तरच. मग त्याच कंपनीतून तुमच्याआधी निघून गेलेला जुना मॅनेजर. सगळ्यांत भक्कम नाव बहुतेक वेळा हेच ठरतं, कारण त्याने वरिष्ठ म्हणून पाहिलेलं असतं आणि आता त्याला तिथल्या कुणाची भीती नसते. मग दुसऱ्या विभागातला प्रोजेक्ट प्रमुख, ग्राहकाकडचा माणूस, पुरवठादार, ऑडिटसाठी येणारी व्यक्ती, तुमच्या हाताखाली काम केलेलं कुणी. त्याआधीच्या नोकरीतला वरिष्ठही चालतो, तो फार जुना नसला म्हणजे झालं. साधारण पाच वर्षांपलीकडचं काम समोरचा विचारात घेत नाही.

अजून त्याच ऑफिसात अडकलेल्या सहकाऱ्याला गळ घालताना जरा थांबा. तुमच्यासाठी बोलल्याचं वर कळलं तर त्याचीच पंचाईत. त्याला विचारायचंच असेल तर खासगी नंबरवर विचारा, आणि नाही म्हणाला तर मनात ठेवू नका.

आणि मोठं नाव बघून माणूस निवडू नका. संचालकाने 'हो, चांगले होते, मेहनती होते' एवढंच म्हणून फोन ठेवला तर तो रेफरन्स जवळजवळ नकारच असतो. त्यापेक्षा 'मार्चमध्ये सर्व्हर बसला तेव्हा हिने रात्रभर फोनवर राहून आमची ऑर्डर निघेल असं बघितलं' असं सांगणारी ग्राहकाकडची साधी समन्वयक कितीतरी भारी पडते.

एक बारीक अडचण : एजन्सीला बऱ्याचदा रेफरन्स देणाऱ्याचा कंपनीचा ईमेल लागतो. जीमेलवरून आलेलं उत्तर त्या ग्राह्य धरत नाहीत, किंवा वेगळा पुरावा मागतात. माणूस आता दुसरीकडे असेल तर त्याचा सध्याचा कंपनी ईमेल द्या आणि शेजारी लिहा : 'तेव्हाचे मॅनेजर, सध्या दुसऱ्या संस्थेत कार्यरत.'

विचारायचं कसं

'माझा रेफरन्स द्याल का?' याला भिडेखातर सगळे हो म्हणतात. प्रश्न असा विचारा की नाही म्हणायला वाट राहील :

'नमस्कार मॅडम. मी … या पदासाठी मुलाखती देतोय. आपण दीड वर्ष एकत्र काम केलं, विशेषतः बिलिंगच्या प्रोजेक्टवर. त्या कामाबद्दल तुम्ही मोकळेपणाने चांगलं सांगू शकाल असं वाटतं का? वेळ नसेल किंवा अवघड वाटत असेल तर तसं सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही.'

उत्तर 'अरे, आनंदाने' असं आलं तर नाव यादीत. 'बघू', 'कंपनीची पॉलिसी विचारावी लागेल', किंवा दोन दिवस नुसत्या निळ्या टिका, तर नाव बाजूला. कोमट रेफरन्स वाईट रेफरन्सइतकाच महागात पडतो.

होकार मिळाला की एक पानाचं टिपण पाठवा. त्यात नव्या पदाचं नाव आणि त्यांना कसला माणूस हवाय याच्या दोन ओळी. तुम्ही एकत्र केलेली तीन कामं, वर्ष आणि आकड्यांसह. तुमची एक खरी उणीव आणि ती कशी सुधारताय. आणि तुम्ही नोकरी सोडण्याचं कारण काय सांगणार आहात ते वाक्य. हे शेवटचं राहून गेलं की घोळ होतो. तुम्ही मुलाखतीत 'नवं काही शिकायचं होतं' म्हणता, आणि तिकडे हितचिंतक फोनवर तळमळून सांगतो, 'काय करणार बिचारा, फार छळलं हो त्याला तिथे.' दोघंही खरंच बोलतात, पण ऐकणाऱ्याला गोष्ट जुळत नाही. टिपण आठवण करून देण्यासाठी असतं. न केलेलं काम त्यात घालू नका.

नंबर दिल्याच्या दिवशीच त्यांना कळवा : 'या आठवड्यात अमुक कंपनीतून फोन येईल.' अनोळखी नंबर कुणी उचलत नाही, आणि तीनदा न उचललेला फोन म्हणजे रखडलेली ऑफर.

फॉर्म आणि मुलाखत

सीव्हीवर रेफरन्सची नावं लिहू नका. ती शेवटच्या फेरीनंतर, मागितल्यावर द्यायची, म्हणजे दहा अर्जांमागे तीच माणसं दहा वेळा पिडली जात नाहीत. 'सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू का?' या रकान्यावर, अजून तिथेच असाल तर, बिनधास्त 'ऑफर लेटरनंतर' लिहा. हे उत्तर रोजच्या पाहण्यातलं आहे, त्यात कुणाला काही खटकत नाही. मात्र व्हेरिफिकेशन होऊन पक्की ऑफर हातात येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा टाकू नका.

'का सोडलं?' या प्रश्नाला उत्तर तीन वाक्यांचं हवं. लोक घसरतात ते असे : 'खरं सांगायचं तर तिथलं वातावरण फार टॉक्सिक होतं. मॅनेजर सगळ्यांसमोर अपमान करायचे, रात्री अकराला फोन करायचे, माझ्यासोबत चौघांनी सोडलं.' यातलं अक्षर न् अक्षर खरं असेल. समोरच्याकडे मात्र ते पडताळायचं काहीच साधन नसतं; त्याला फक्त आधीच्या साहेबाबद्दल तक्रार करणारा माणूस दिसतो, आणि उद्या तो स्वतः तुमचा साहेब होणार असतो.

त्याऐवजी : 'तिथे दोन वर्षांत मी रिपोर्टिंगची पूर्ण प्रक्रिया उभी केली. नंतर टीमची रचना बदलली आणि मला ज्या प्रकारचं काम करायचंय त्याला वाव राहिला नाही. तुमच्याकडे डेटा आणि ग्राहक दोन्ही एकत्र हाताळायला मिळतंय, म्हणून अर्ज केला.' यात खोटं काही नसावं. रचना बदलली नसेल तर तसं म्हणू नका, तुमच्या बाबतीत खरं असेल ते कारण निवडा. खोदून विचारलंच, तर 'कामाच्या पद्धतीबाबत आमची मतं वेगळी होती' एवढं म्हणून स्वतःच्या कामाकडे वळा. घरी मोठ्याने चार-पाचदा म्हणून बघा. आवाजातला कडवटपणा शब्दांच्या आधी पोहोचतो.

'साहेबांचाच नंबर हवा'

काही जण हट्टाने थेट मॅनेजरच मागतात. टाळाटाळ केली की संशय वाढतो, म्हणून एचआरला आधीच, एकदाच, शांतपणे सांगा : 'शेवटच्या मॅनेजरसोबत माझे कामाचे संबंध चांगले नव्हते, त्यामुळे तिथून पूर्ण चित्र मिळेल असं वाटत नाही. तारखा आणि हुद्द्यासाठी एचआरचा संपर्क देतोय. कामाबद्दल माझे आधीचे मॅनेजर आणि ज्या ग्राहकाचं काम मी दोन वर्षं पाहिलं ते बोलतील. शेवटच्या दोन वर्षांची मूल्यमापनंही दाखवू शकतो.' नकारासोबत लगेच तीन पर्याय समोर ठेवले की बहुतेक ठिकाणी गाडी पुढे सरकते. आधी सांगून ठेवल्याचा आणखी एक फायदा : उद्या साहेब काही वावगं बोललाच तरी ऐकणारा ते त्या संदर्भात ऐकतो.

मित्राचा नंबर 'मॅनेजर' म्हणून देण्याची युक्ती कुणीतरी सुचवतंच. एजन्सी लिंक्डइन आणि कंपनीच्या मुख्य फोन नंबरवरून नाव जुळवून बघते. पकडलं गेलं की ऑफर जाते, आणि रुजू झाल्यावर पकडलं गेलं तर नोकरी.

चुकीचं सांगितलं जात असेल तर

लक्षणं ओळखू येतात : शेवटच्या टप्प्यापर्यंत सगळं सुरळीत, रेफरन्स मागितले की शांतता, आणि हे लागोपाठ दोन-तीनदा. आधी नव्या एचआरला सौम्यपणे विचारा, 'व्हेरिफिकेशनमध्ये काही तफावत आली का? कागद देऊ शकतो.' मित्राला खोट्या कंपनीचा माणूस बनवून साहेबाला फोन लावायला सांगू नका. त्यातून निघालेला पुरावा तुमच्याच अंगाशी येतो.

खोटं बोललं जातंय अशी खात्री झाली तर जुन्या एचआरप्रमुखाला लिहा, साहेबाला नाही. पत्रात फक्त तथ्यं : कोणत्या तारखेला, कुणाला, काय सांगितलं गेल्याचं कळलं; त्याविरुद्ध कोणता कागद आहे; आणि मागणी एकच, की यापुढे माझ्याबद्दलची माहिती एचआरकडूनच आणि तारखा-हुद्द्यापुरती दिली जावी. दहा दिवसांत लेखी उत्तर मागा. कंपन्यांना कोर्टाची कटकट नको असते, त्यामुळे बऱ्याचदा एवढ्यावर साहेबाला तंबी मिळते.

त्यापुढचं देशावर अवलंबून. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्याची भाषा कर्मचाऱ्याच्या वाटेत काटे पेरणारी नसावी अशी अपेक्षा असते. म्हणून तिथे एक सांकेतिक भाषाच तयार झाली : 'नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाने' म्हणजे चांगला, आणि नुसतं 'आमच्या समाधानाने' म्हणजे जेमतेम. गोड दिसणारं पत्र तिथे जाणकाराला दाखवूनच पुढे द्यावं. ब्रिटनमध्ये काही क्षेत्रं सोडली तर रेफरन्स देण्याची सक्ती नाही, पण दिला तर तो काळजीपूर्वक आणि खरा असला पाहिजे, हे तिथल्या सर्वोच्च पातळीवर १९९४ मध्ये 'स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स' खटल्यात ठरलं. अमेरिकेत १९९७ च्या 'रॉबिन्सन विरुद्ध शेल ऑइल' निकालाने भेदभावाची तक्रार केल्याचा सूड वाईट रेफरन्समधून घेतला जात असेल तर माजी कर्मचाऱ्यालाही संरक्षण दिलं. शिवाय बाहेरच्या एजन्सीच्या अहवालावरून नाकारायचं असेल तर त्याआधी अहवालाची प्रत उमेदवाराला द्यावी लागते. तुम्ही औपचारिक तक्रार केली होती आणि त्यानंतर रेफरन्स बिघडले, असा क्रम असेल तर वकिलाला भेटाच, आणि जाताना तारखांचा तक्ता घेऊन जा. वकिलाच्या पहिल्या अर्ध्या तासाची फी त्या तक्त्यामुळे वसूल होते.

मालकच साहेब असेल तर

छोट्या जागी एचआर नसतो, मालकच सगळं. तिथे रिलिव्हिंग लेटर अडवलं जाण्याची शक्यता धरूनच चाला. करार, बँक खात्यात दर महिन्याला जमा झालेला पगार, करकपातीचे आणि भविष्यनिर्वाह किंवा सामाजिक सुरक्षेच्या खात्याचे कागद, यांवरून नोकरीचा काळ सिद्ध होतो. बहुतेक एजन्सी पर्यायी पुरावा म्हणून हे घेतात. पत्रासाठी मालकाला लेखी विनंती करा आणि आठवड्याने एकदा आठवण द्या. उत्तर न आल्याचे ते दोन मेलच पुढे कामी येतात.

दोन-तीन महिन्यांत सोडलेली नोकरी सीव्हीवर नाही घातली तरी चालतं, कारण सीव्ही म्हणजे निवडक माहिती. पण फॉर्मवर 'आजवरच्या सर्व नोकऱ्या' विचारल्या असतील आणि खाली सही असेल, तर ती लिहायलाच हवी. मागच्यापुढच्या नोकऱ्यांच्या तारखा ताणून भोक बुजवायला जाऊ नका. भोक दिसलं तर प्रश्न येतो, ताणलेली तारीख सापडली तर ऑफर जाते.

नोकरी मिळाल्याचं रेफरन्स देणाऱ्या प्रत्येकाला स्वतः फोन करून कळवा; कुणाचं बोलणं उपयोगी पडलं ते सांगा. आणि कागदांचा फोल्डर लगेच अडगळीत टाकू नका. एजन्सीचा अहवाल काही वेळा रुजू झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी येतो, त्यामुळे प्रोबेशन संपून कायम झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत तो हाताशी असू द्या.